सुमनकाकूंच्या गिरणीतली इंग्रजी

मला इंग्रजीत पास करणारी बाई स्वतः चौथी शिकलेली होती.

काल दुपारी ती गेली.

सुमनकाकू. पालमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी. अंगावर कायम इतकं पीठ, की त्यांचे केस पांढरे कधी झाले ते कुणालाच कळलं नाही.

आता माझी अब्रू मीच काढते. मी दहावीला इंग्रजीत दोनदा नापास. मग लग्न झालं. सासरी मेंढरं, धुणी, भाकरी. तिसऱ्यांदा फॉर्म भरते म्हणाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "भर. पण ही शेवटची बारी. ह्या टायमाला न्हाई झालं तर पुस्तकं रद्दीत."

टेन्शन असं, की पुस्तक उघडलं की घरात कुणाला ना कुणाला तहान लागायची.

एकटीनं जायची एकच जागा होती. गिरणी.

काकूंची पद्धत अशी. कुणाचा डबा कोणता ते कळावं म्हणून त्या डब्यावर खडूनं नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं लिहायच्या. पोराच्या पुस्तकात बघून एबीसीडी तेवढी शिकल्या होत्या. आणि डबा गिरणीवर चढला की गाळ्यात थांबलेल्या सगळ्यांनी त्या दोन अक्षरांचे शब्द सांगायचे. नुसता शब्द चालायचा नाही, अर्थ पाहिजे.

प्रभावती आजींचा डबा, PR.

"प्रेस," कुणीतरी म्हणायचं, "इस्त्री."

"प्रॉब्लेम. अडचण."

"प्रेशर!" खुद्द आजी ओरडायच्या. "सून उलटून बोलली की चढतंय ते."

त्र्यंबक मामांचा TR. ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रंक. "ट्रान्सफॉर्मर," मामा म्हणायचे. अर्थ काय? "पेरणीच्या टायमाला जळतंय ते." काकूंनी हा अर्थ पास केला.

ज्ञानोबा तात्या मात्र कायम रुसलेले. त्यांच्या डब्यावर DN. त्याचा शब्दच सापडेना. "माझ्याच डब्याला काऊन न्हाई?" काकू म्हणायच्या, "तात्या, तुमी गपगुमान पीठ न्या."

कुणाला अर्थ आला नाही की स्विचबोर्डाशेजारी सुतळीनं टांगलेली पोराची जुनी डिक्शनरी काकू माझ्या हातात द्यायच्या. "वाच गं. मला बारीक दिसत न्हाई." मी शोधायचे, मोठ्यानं वाचायचे, मराठीत सांगायचे. दर खेपेला दहा-पंधरा शब्द. काकूंना बारीकच काय, ठळक इंग्रजीसुद्धा वाचता येत नव्हतं, हे मला लय उशिरा कळलं.

माझा नंबर दर खेपेला शेवटी लागायचा. मला वाटायचं, नवी सून आहे, दाबतात.

एक दिवस सासूबाई तरातरा गिरणीत आल्या.

"दोन पायल्या जवारी अन् दुपार झाली? दळायलीस का पेरायलीस?"

मला वाटलं, आता फॉर्मही गेला आणि गिरणीही गेली.

काकू म्हणाल्या, "तिला काय बोलू नका. तिचा डबा मीच मागं ठेवते."

"काऊन?"

"घरी पुस्तक काढलं की सगळ्यांला कामं आठवतात. हितं तिला कुणी काम सांगत न्हाई. तेवढंच वाचती."

 

मग काकूंनी माझा डबा सासूबाईंपुढं सरकवला. शीतल, म्हणून SH. "ह्याचा एक शब्द सांगा, मग भांडा."

सासूबाईंनी डब्याकडं बघितलं. काकूंकडं बघितलं. म्हणाल्या, "कसं वाचायचं ते?"

"श."

"शीप," सासूबाई म्हणाल्या. "मेंढरू. जनावराचा डॉक्टर कार्डावर लिहितोय."

"अजून?"

"शेड. मेंढरं बांधतोत ते. शॉक. मोटारीचा बसतोय ते. शर्ट. शॅम्पू." आणि माझ्याकडं वळून, "ही आंघोळीला दोन-दोन पुड्या लावती ते."

गाळ्यात हशा. मला SH चे तोवर चारच शब्द यायचे, सासूबाईंनी पाच सांगितले.

सासूबाई गव्हाच्या पोत्यावर टेकल्या. पदरानं तोंड पुसलं. "सुमनबाई, परीक्षा होईस्तोर हिचा डबा अजून मागं ठेवा."

निकाल लागला त्या दिवशी मी मोबाईल घेऊन पळत गिरणीत गेले. काकूंनी चालू गिरणी खटकन बंद केली. तसं कुणी करत नाही, दगडात दाणे अडकतात. लोक ओरडले, लाईट जाईल, दळण राहील म्हणून.

"जाऊ द्या लाईट. बोल गं."

"छत्तीस."

"कितीला पास?"

"पस्तीस."

"म्हंजे एक जास्तीचाच!"

तो जास्तीचा एक मार्क शीपचा, म्हणजे आपला, असं सासूबाई आजही पाहुण्यांना सांगतात. मी वाद घालत नाही.

पुढं बारावी केली. कॉम्प्युटर केला. आता इथल्याच एका दवाखान्यात खिडकीत बसून केसपेपर काढते.

मागच्या महिन्यात काकू दवाखान्यात आल्या. दम लागत होता. पुढं बारा-पंधरा जण. मी खिडकीतून हाक मारली, "काकू, या ना पुढं. तुमचा आधी काढते."

त्यांनी हातानंच नको म्हटलं. सोबत आलेल्या त्यांच्या पोरानं खुर्ची आणली, तीही नको.

"राहू दे गं. लाईनीतून तू चांगली दिसायलीस. जरा बघू दे."

अर्धा तास उभ्या होत्या. माझ्याकडं बघत.

काकू, तुमच्यामुळं पास झाले, हे तुम्हाला तोंडावर म्हणायचं राहूनच गेलं. इथं लिहून सगळ्यांदेखत म्हणते.

तुम्हाला माझा आणि सासूबाईंचा, दोघींचा, शेवटचा नमस्कार.