आधी पालकांना विचारा!

नवा कायदा समजायला वर्ष लागतं, त्याचे किस्से मात्र आठवड्यात जमतात! मी विरारकडच्या वटार गावाजवळ एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर कंपन्यांनी आधी आईवडिलांची परवानगी घ्यायची, हे मी पालकसभेत समजावून सांगितलं. तिथून माझी शांतता संपली.

*

आमच्या मुख्याध्यापिका डिमेलो मॅडमनी लगेच 'माझी माहिती खाजगी' ही पोस्टर स्पर्धा घेतली. जिंकलेल्या मुलांचे फोटो शाळेच्या पेजवर. खाली पूर्ण नाव, इयत्ता, राहणार कुठे!

"मॅडम, निदान नावं तरी काढा."

"अहो सर, मग कोणाचं पोर जिंकलं ते कळणार कसं?"

*

सहावीतला रॉनाल्ड अभ्यासाचं अ‍ॅप उघडून बसला होता.

"आईने परवानगी दिली का रे?"

"थांबा ना सर, देतोय," म्हणत त्याने दप्तरातल्या आईच्या फोनवर आलेला ओटीपी टाकला.

*

विरारच्या टॉवरमधल्या एक मम्मी तावातावाने सांगत होत्या, "आमच्या आर्यनला मी खोटं बोलू देत नाही, सर. अकाउंट उघडताना वय वाढवून टाकत होता. असली ओरडले त्याला!"

"छान केलंत."

"मग काय! मीच टाकलं. एकोणीस."

*

हर्षालीचं मात्र हसण्यावारी नेता येईना. आठवीतली, अर्नाळ्याची मुलगी. आई तिच्या केसांतल्या उवा काढतेय आणि ती रडतेय, असा व्हिडिओ तिच्या पप्पांनी गंमत म्हणून टाकला. गावभर फिरला. पोरं तिला बघून डोकं खाजवायची. ती मधल्या सुट्टीत बाहेर येईना, डबाही अर्धा परत न्यायची. मला फार राग आला.

पप्पांना बोलावलं. मासळीचा धंदा, आवाज दणदणीत.

"तुम्हीच बोललात ना सर, आईबापाची परवानगी लागते? मी बाप. दिली परवानगी!"

"अहो, पण तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? पोर हाय ती."

हर्षाली बाजूलाच मान खाली घालून उभी होती.

रविवारी पप्पा डोक्याला काळी मेंदी फासून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून, ओट्यावर तोंड उघडं टाकून घोरत होते. हर्षालीने व्हिडिओ काढला आणि टाकला. सोमवारी सगळं बंदर हसत होतं, आणि पप्पा धावत शाळेत!

"परवानगी कोनाची घेतलीस?" ते तिच्यावर ओरडले.

"आजीची," हर्षाली म्हणाली. "ती बोलली, त्याला काय विचारायचं? पोर हाय तो."