मूठभर फुटाणे

माझं नाव फुटाणा. हसून घ्या. टोपणनाव नाही, शाळेच्या दाखल्यावरही हेच आहे.

माझ्याआधीची आईची लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून मी झालो तेव्हा आमच्या औशाकडच्या रीतीप्रमाणे तिनं मला सुपात घालून विकायला काढलं. गल्लीच्या टोकाला बांगड्या भरणारी खाला राहायची. तिनं मूठभर फुटाणे देऊन मला विकत घेतलं, नाव ठेवलं फुटाणा, आणि सांभाळायला म्हणून परत आईच्याच ओटीत टाकलं. इतका स्वस्त माल, तोही दुसऱ्याचा; मरण कशाला हात लावतंय! नाव उतरवायचं तर फुटाणे परत करून खालाकडूनच उतरवायचं, असा नेम. पुढं थोड्याच दिवसांत भूकंप झाला आणि घराची भिंत पडली ती माझा पाळणा सोडून. तेव्हापासून आईचा त्या नावावर देवापेक्षा जास्त भरवसा.

मला काही त्रास नव्हता. ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी मालकीणबाईंकडून मलाच यायची. आणि शाळेत सगळेच तसले. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मला तो पत्र्या, जवानांच्या तंबूत जन्मला तो मिलिटरी. कोण कुणाला हसणार?

हसले ते लातुरात. अकरावीला तिथं क्लास लावला. सर माईकवरून मार्क वाचायचे. माझं नाव आलं की अख्खा हॉल खिदळायचा आणि मागून कुणीतरी विचारायचं, "खारे का साधे?" फिजिक्सला पहिला आलो तरी तेच. माझं डोकंच सटकलं. सुट्टीत घरी येऊन जाहीर केलं, नाव बदलायचं. उद्या चौकातल्या बोर्डावर फोटो लागला तर त्याखाली फुटाणा? आई म्हणाली, "बदल की." पण त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

मी फुटाणे आणले आणि तिला घेऊन खालाकडे गेलो. खालानं आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं, मग एक फुटाणा चावला.

"हे तर सादळलेत! म्या दिल्ते ते कसे कुरकुरीत होते. असा सौदा न्हाई जमत."

आई खुदकन हसली. घरी आल्यावर दोन भाकरी जेवली.

दिवाळीत मी एकटाच ताजे घेऊन गेलो, तर ते खारे निघाले. खालाचे म्हणे बिनमिठाचे होते. उन्हाळ्यात बिनमिठाचे नेले, तर त्यांची सालं गेलेली. मी भडकलो. "खाला, नाव उतरवून द्यायचं नसेल तर सरळ सांग ना!"

"तुझी माय तिच्या हातानं घेऊन येईल त्या दिवशी देते," ती म्हणाली. "तवर तू माझा."

मग मात्र मी फुटाणे नेणं सोडून दिलं.

बारावी झाली, नांदेडला मेडिकलला नंबर लागला. निघायच्या सकाळी बॅग भरत होतो तर आईनं चुलीवर वाळूत हरभरे भाजायला घेतलेले. बिनमिठाचे, सालासकट. पुडी बांधून तिनं माझ्या हातात दिली.

"चल, उतरवून टाकू. डॉक्टर व्हायलास आता. मला न्हाई भ्याव वाटत."

खरंच वाटत नव्हतं. तिचा चेहरा नुकत्याच न्हालेल्या लेकरासारखा मोकळा होता. इतके दिवस जे हवं होतं ते मिळालं आणि आता मलाच ते नकोसं झालं. तिची सगळी भीती ज्या नावानं सांभाळली, ते मी त्या हॉलमधल्या पोरांसाठी टाकून द्यायचं? मला ते एकदम लई आवडायला लागलं.

आई पुढं, मी मागं, असे गल्लीच्या टोकाला पोचलो. खालानं हात पुढं केला. मी पुडी दिली. तिनं ती उघडली, तळहातावर ओतली आणि भुवया चढवल्या.

"अगं, ही तर अर्धी मूठ बी न्हाई!"

दोघी माझ्याकडं बघू लागल्या. माझं तोंड भरलेलं होतं.