वहिनीचं अंघोळीचं पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

थंडी पडली की ओरोसच्या आमच्या क्वार्टर्समागे कोणीतरी अंघोळीच्या पाण्याखाली नारळाची सोडणं पेटवतं. तो धूर नाकात गेला की मला गावची न्हाणी दिसते. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षीची थंडी. मी कॉलेजात होतो. पहाटे कुळथाच्या शेतात जाताना ती स्वतःसाठी हंडा तापत ठेवून गेली होती. मी तेच पाणी घेतलं. इतकं सुख वाटलं की थेंब ठेवला नाही, आणि हंडा विहिरीच्या पाण्याने भरून ठेवला.

वहिनी दवाने भिजून, काकडत आली. आईने हंड्यात बोटं बुडवली.

"पाणी थंडगार कसा ह्या?"

"वैनीन जाळ घातलोच नसतलो," मी म्हणालो.

"माहेराक पाणी तापवूक शिकवूक नाय काय गो तुका?"

वहिनी तशीच न्हाणीत गेली. न्हाणीतून तांब्यांचा आवाज आणि तिचा अडकणारा श्वास ऐकू येत राहिला. मग तिनेच मला चहा आणून दिला.

"भावजी, केस पुसा. सर्दी होतली."

तेव्हा मला ती नुसती काळजी वाटली. तिला सगळं कळलं होतं, हे समजायला मला वर्षं लागली.

आई गेली ती सुनेला आळशी मानूनच. तिला खरं सांगायचं राहूनच गेलं. वहिनीची माफी मागणं अजून बाकी आहे.