पांढऱ्याखालचा रंग

बदक काखेत धरायचं, मानेवर हलकी फुंकर घालायची आणि पिसं विस्कटली की मुळाशी बघायचं, ही काकांची सवय. "रंग वरून नाही बघायचा," असं म्हणताना ते समोरच्याच्या डोक्याकडे बघायचे. आमच्या सोसायटीत कलप लावणारे किती आहेत हे लक्षात घेता, त्यांना मित्र कमी होते यात नवल नाही.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेलच. आमचे काका कल्याणच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काकू गेल्यावर कोपरीच्या खोलीला कुलूप लावून कोलशेतला मुलाकडे राहायला आले, ते एक करडा नर बदक घेऊनच. तो बाथरूममध्ये राहू लागला. सुनेने दारं आपटायला सुरुवात केली.

पुढे सोसायटीने तळं बांधलं. दोन रिक्षा मावतील एवढं, पण पाटीवर 'सरोवर' होतं. चेअरमननी जातीने कल्याणला जाऊन चार पांढरीशुभ्र बदकं आणली. "खानदानी आहेत," म्हणाले.

काकांनी कान दिला. "चेअरमनसाहेब, चारही माद्या आहेत."

"कशावरून?"

"मोठ्यानं बोलतायत. नराचा घसा बसलेला असतो."

कमिटीतल्या सगळ्या नवऱ्यांनी घसा खाकरला. मग करड्याला तळ्यात प्रवेश मिळाला. काका रोज सकाळी कट्ट्यावर बसून त्याच्याशी बोलायचे.

उद्घाटनाची तारीख ठरली आणि चेअरमनना फोटो आठवला. मीटिंग बोलावली गेली.

"काका, राग नका मानू, पण तो करडा फोटोत बरा नाही दिसत. तळं कसं एकसारखं हवं."

"पांढरा हा रंग नाही हो, झाकण आहे. खाली काळा दडलाय, ते या माद्यांनाही ठाऊक नाही. आणि करडा म्हणजे काळाच, पाणी घातलेला. या जोडीला एकही पांढरं पिल्लू व्हायचं नाही. निम्मी काळी, निम्मी करडी."

"आपल्याला पिल्लं नकोत काका, शोभा हवी."

करड्याने रविवारच्या आत सोसायटी सोडावी, असा ठराव आला. हात वर झाले. माझाही झाला. माझ्या छताची गळती कमिटीपुढे होती आणि तत्त्वांपेक्षा छत महत्त्वाचं, असं माझं तेव्हा मत होतं. माझ्या मानेवर फुंकर घालावी तसं काकांनी माझ्याकडे बघितलं.

"तो जाणार, तर मीही जातो," ते म्हणाले.

"बाबा, एका बदकासाठी?" मुलगा हळूच म्हणाला.

"एकटं राहायची सवय नाही रे त्याला."

शनिवारी दुपारी काका रिक्षात बसले. मांडीवर भाजीची टोपली, टोपलीतून बाहेर आलेली करडी मान. मी गेटपर्यंत गेलो होतो. एवढंच म्हणाले, "क्रोटनच्या कुंड्यांमागे महिनाभर झाडू मारू देऊ नका." मी सफाईवाल्या मावशींना तसं सांगितलं. त्या प्रकरणातलं माझं शौर्य तेवढंच.

उद्घाटन थाटात झालं. फोटोत सगळं शुभ्र आलं: बदकं, कुर्ते, दात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी चेअरमन काही पाहुण्यांना सरोवर दाखवत होते. तेवढ्यात कुंड्यांमागून एक पांढरी मादी डुलत बाहेर आली. तिच्यामागे रांगेत चार पिल्लं.

"ही कोणाची?" चेअरमननी विचारलं. प्रश्न अवघड नव्हता, तरी सगळे क्रोटनची पानं न्याहाळू लागले.

मी कोपरीला फोन लावला. "काका, चार झाली."

"पांढरं?"

"एकही नाही. दोन काळी, दोन करडी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काका, परत या ना. मी बोलतो कमिटीत."

"छत गळायचं थांबलं वाटतं," काका म्हणाले. मग, "थांबा हं, त्याला सांगतो."

फोन तसाच सुरू राहिला. मी कानाला लावून उभा होतो. पलीकडून बसल्या घशाचा आवाज येत होता. तो दोघांपैकी कोणाचा, ते मला ओळखता आलं नाही.