छपरांशिवायचं स्टेशन

पाच महिने पेंटरने जेवणाच्या टेबलावर आगगाडीचं स्टेशन थाटलं होतं आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. फोटो काढण्यासाठी टीचभर स्टेशनं बांधायची, हा त्याचा जुना नाद. फोटो बघून कुणी फसलं की स्वारी खूश. बायको म्हणायची, "नाद असावा, पण तो टेबलाएवढा कशाला?"

हे स्टेशन मात्र नादापुरतं नव्हतं. वडिलांनी एकतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये दांडे ओढले. ते स्टेशन कधीच पाडलं गेलं, आणि आता ते वडिलांच्या डोक्यातूनही जात चाललं होतं. "मी कुठं होतो रे कामाला?" असं दिवसातून तीनदा विचारायचे. एकदा तरी त्यांनी ओळखावं, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा. फोटोआधी त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून टेबलावर कायम चादर असायची.

पण घोडं पेंड खात होतं फोटोतच. कॅमेरा रुळांपर्यंत खाली नेल्याशिवाय खेळणं खरं दिसत नाही. खाली नेला की मागच्या भिंतीवरचं पंख्याचं बटण दिसायचं. तिथं आभाळ रंगवून लावलं, तर त्यावर सिग्नलची सावली. डबा स्पष्ट आला की पाटी धूसर. सतरा वेळा मांडणी बदलून पेंटरच्या नाकी नऊ आले. वेळ वाचवायला त्याने इमारतींच्या फक्त समोरच्या भिंती ठेवल्या. छपरं केलीच नाहीत, कॅमेऱ्याला ती दिसणारच नव्हती.

अखेर फोटो जमला. मोठा करून आणून त्याने तो वडिलांच्या हातात दिला.

वडिलांनी चष्मा वर-खाली केला. "छान आहे. कुठलं स्टेशन?"

"बाबा, तुमचंच. नीट बघा."

"छे रे. हे मी पाहिलेलं नाही."

पाच महिने पाण्यात गेले म्हणून पेंटर चिडला, आणि म्हाताऱ्या माणसावर चिडलो म्हणून आणखीच चिडला. "चला, जेवून घ्या," म्हणत त्याने वडिलांना हाताला धरून उठवलं. टेबलावरची चादर आज काढलेलीच होती. तिथं वडील थबकले. काठीवर भार देऊन वरून खाली बघत राहिले. मग त्यांचा मोकळा हात पुढे गेला आणि दांडा ओढल्यासारखा मागे आला.

पेंटरने कपाळावर हात मारला. केबिन वरच्या मजल्यावर होती. या माणसाने एकतीस वर्षं स्टेशन पाहिलं ते वरून, आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचा त्याला भयंकर राग आला.

"हे माझं," वडील म्हणाले. लगेच कुरकुरले, "पण छपरं कुणी नेली रे? पाऊस आला तर माणसं उभी कुठं राहणार?"

"करतो, बाबा."

जेवण तसंच ठेवून पेंटर पुठ्ठा कापायला बसला. कापताना खाली काहीतरी हवं, म्हणून त्याने तो मोठा केलेला फोटो पालथा अंथरला.