नवा आंबा की जुना

गडचिरोलीहून माझ्या धाकट्या जावेने एसटीतून डबा पाठवला. आत पिवळ्या रंगाच्या वड्या, प्रत्येक पारदर्शक कागदात गुंडाळलेली. वर नाव नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा असा फुलला की माझ्या पोटात दुखायलाच लागलं. एटापल्लीच्या बाजारातून मी त्यांच्यासाठी नेहमी काही ना काही आणते. त्याचा त्यांनी कधी वास घेतल्याचं मला आठवत नाही.

"आंब्याची हाय," त्या म्हणाल्या आणि लगेच हात मागे घेतला. "नवा का जुना?"

आमच्या गावात आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा कुणी तोंडात घालत नाही. गावाने दिवस ठरवायचा, आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचा, मग आपण. झाडं कैऱ्यांनी लगडली होती, पण दिवस अजून ठरायचा होता. जाऊ माहेरची चंद्रपूरची, आमच्या समाजातली नाही, दिराने पसंत करून आणलेली. तिला हे कुठून ठाऊक असणार! मी लग्न झाल्यापासून एकही पंडुम चुकवलेला नाही, आणि लाडकी कोण, तर ती.

वडी नव्या आंब्याची निघावी असं मला अगदी मनापासून वाटत होतं. म्हणजे डबा फडताळात बंद झाला असता, आणि नुसतं गोड पाठवून या घरची सून होता येत नाही हे तिलाही कळलं असतं.

चाखून बघायची सोय आम्हा दोघींनाही नव्हती. मग मी शेजारच्या ढिवरीणबाईंना हाक मारली. त्यांचं घर तळ्यातल्या मासोळीवर चालतं, त्यांच्याकडे पंडुम नसतो. त्यांनी एक वडी खाल्ली, मग न विचारता दुसरी.

"आंबाच हाय बाई, लय मस्त. पण नवा का जुना ते मले कसं समजन? गूळ पडला का सारे आंबे सारखेच." असं म्हणत त्यांनी तिसरी उचलली. मी डबा ओढून घेतला.

"तिलेच फोन लाव," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीपाशीच मिळते. भर उन्हात तिथे गेले आणि सरळ विचारलं, आंबा कधीचा?

"मागच्या उन्हाळ्यातला," जाऊ म्हणाली. "ताई, तुम्ही नाई का आंबापोळी देली होती? तशीच पडून होती. मिक्सरमधून काढली, गूळ टाकला, वड्या पाडल्या. काऊन, खराब झाली का?"

माझी आंबापोळी! रस गाळून, खाटेवर कापड अंथरून, दिवसभर माकडं हाकलत मी वाळवलेली. हिने ती कागदात गुंडाळून परत पाठवली, आणि वाहवा मात्र हिची. घराकडे येताना माझं डोकं नुसतं तापलं होतं. नवा आहे, एवढंच म्हणायचं होतं. सासूबाई फोनला हात लावत नाहीत आणि पंडुमाच्या बाबतीत घरात माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. कोण शहानिशा करणार होतं? पण देवाच्या आंब्यावरून खोटं बोलायची माझी छाती होईना.

"जुनाच आहे," मी म्हणाले. "आपल्याच झाडाचा. मी वाळवलेली पोळी आहे ती." शेवटचं वाक्य मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

"तू सांगून राह्यली तं खाईन," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कागद सोडला, वडी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिल्या. मी समोर उभी होते.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "धाकटीच्या हाताले काय चव हाय!"