एका हाताला एक पाय

माझे पाय कधी स्वस्थ राहिले नाहीत. गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिताना ते टेबलाखाली हलत, जेवायला बसलो तर मांडी हलत असे. वहिनी म्हणायची की अशा माणसाच्या घरात लक्ष्मी टिकत नाही. वय बावीस होतं. कुंभारीहून सोलापुरात थोरल्या भावाकडे येऊन तीन वर्षं झाली होती, नोकरी बरी होती, आणि तरी रोज सकाळी वाटायचं की इथून निघून जावं. कुठं जावं ते कळत नव्हतं. भावानं दोन स्थळं आणली. दोन्ही वेळा मी ‘बघू’ म्हणून विषय टाळला.

एक पोहणं तेवढं मनापासून व्हायचं. गावच्या विहिरीत मी पाठीला भोपळा बांधून शिकलो होतो. पुढे कंबर तलावावर पुण्याहून सुटीला आलेल्या कॉलेजच्या मुलांना पाहिलं. पालथं पडून एकामागून एक हात फेकायचे, तोंड कुशीला वळवून श्वास घ्यायचा. ते त्याला क्रॉल म्हणत. मी आठ दिवसांत उचललं. हात त्यांच्यासारखे पडत की नाही ठाऊक नाही, पण पाय मी त्यांच्या दुप्पट मारत होतो. मागे असा फेस उठे की काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत.

त्या साली पाऊस चांगला झाला आणि एकरुखचा तलाव काठोकाठ भरला. नवरात्राच्या सुमारास शहरातल्या एका तालमीनं तलाव पार करायची शर्यत ठेवली. बांधाकडून निघायचं, पलीकडच्या काठावरची बाभळ गाठायची. मी नाव दिलं. उडी पडली आणि पहिल्या शंभर हातांत मी सगळ्यांच्या पुढे होतो. काठावरची आरडाओरड पाण्यातही ऐकू येत होती. मग ती ऐकू येईनाशी झाली. अर्ध्यावर पोचलो तेव्हा मांड्या दगडासारख्या जड झाल्या होत्या, श्वास पुरेना. मी आणखी जोरात पाय मारले. उजव्या पोटरीत गोळा आला, तोंडात पाणी गेलं, आणि मागून येणाऱ्या होडीतल्या माणसांनी मला बखोटीला धरून वर ओढलं.

होडीत पडल्या पडल्या मी एका माणसाला शेजारून जाताना पाहिलं. चाळिशीचा, काटकुळा. त्याच्या मागे फेस जवळजवळ नव्हताच. दर हाताला एक टाच पाण्याबाहेर दिसायची आणि आत जायची. तो घाईत वाटत नव्हता. तो तिसरा आला.

हरल्यावर मला घरात बसवेना. चार दिवसांनी मी त्या माणसाचं घर शोधत शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेलो. तो तेलुगू विणकर होता, घरातच त्याचा खड्डामाग होता. मी उंबऱ्यात उभा राहून, अण्णा, मला शिकवा, असं म्हणालो. त्यानं मान वर केली नाही. त्याच्या बायकोनं सुताच्या कांड्या भरता भरता मला आत बसायला खुणावलं. तासभर मी नुसता बसून होतो. सारखं उठावंसं वाटत होतं. काही करायचं नसल्यामुळे मी त्याचे पाय बघू लागलो. तो खड्ड्यात पाय सोडून बसला होता. धोटा इकडून सुटला की पायाखालची एक पावडी खाली, तिकडून परतला की दुसरी. मधल्या वेळी पाय सैल सुटलेले.

शेवटी त्यानं माग थांबवला आणि म्हणाला, “दिवसभर दोन्ही पाय मारत बसलो, तर संध्याकाळी लुगडं होईल काय? एका हाताला एक पाय. बस.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी कंबर तलावावर आमची शिकवणी सुरू झाली. त्याचं सांगणं थोडक्यात असायचं. लांब जायचं तर हातांनी जायचं. पायांनी अंग फक्त सपाट ठेवायचं आणि कंबर वळवायला मदत करायची. उजवा हात पाण्यात शिरला की डावा पाय कमरेपासून एकदा हलवायचा, गुडघ्यातून नाही, आणि घोटा ओल्या फडक्यासारखा ढिला सोडायचा. जोरानं पाय मारशील तर हातांच्या वाट्याचा श्वास पाय खाऊन टाकतील, असं तो म्हणाला.

ऐकायला हे सोपं होतं. मला ते महिनोन् महिने जमलं नाही. पाय थांबवले की ते बुडायचे, आणि बुडतायत असं वाटलं की मी ते झाडायचो. कधी चिडून पाण्याबाहेर येऊन कपडे चढवायचो. तो मात्र त्याच्या फेऱ्या पुऱ्या करून माग गाठायला निघून जायचा. थंडीत एका सकाळी, का कोण जाणे, वीसएक हात असे पडले की पाय आपोआप मागे आले. एकविसाव्या हाताला मला ते कळलं आणि सगळं बिघडलं. पण एकदा झालं होतं.

पुढच्या साली पावसानं दगा दिला. तलाव आटत गेला आणि तालमीनं शर्यत रद्द केली. वर्षभर मी त्याच एका दिवसाकडे बघत होतो. ते कळल्यावर मला रात्री झोप येईना, ऑफिसात दोनदा हजेरी चुकली. शर्यत नसली तरी मी एकटाच पोहून जातो, असं मी अण्णाला सांगितलं. त्यानं आधी नको म्हटलं. मग रविवारी पहाटे तोच सायकल घेऊन दारात उभा राहिला.

काठाचा चिखल उघडा पडला होता, तरी मधलं पाणी लांबरुंद होतं. आम्ही शेजारी शेजारी निघालो. माणसं नव्हती, होडी नव्हती, नुसता आपलाच श्वास ऐकू यायचा. मागच्या वर्षी जिथं गोळा आला होता त्या सुमाराला मी डोकं वर काढून पाहिलं. बाभळ होती तिथंच वाटली. त्यासरशी पाय पुन्हा जोरात सुटले. फटाफट, फटाफट. फेस उठला. अण्णा थांबला.

“उताणा पड,” तो म्हणाला. मी पडलो. वर नुसतं आभाळ होतं. तो शेजारी तरंगत राहिला आणि माझा श्वास बसल्यावर म्हणाला, “भिऊन मारतोय तू पाय. बाभळ कुटं जात न्हाय.”

मी पुन्हा पालथा झालो. या खेपेला बाभळीकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. हात मोजले, साठापर्यंत गेलो आणि आकडा विसरलो. मधेच पाय उसळायचे, मी त्यांना आवरायचो, पुन्हा उसळायचे. अखेरपर्यंत ते भांडण चाललं. मग बोटं चिखलाला लागली. उभं राहायचं सोडून मी तिथंच पाण्यात बसलो. मला रडू आलं. अण्णानं धोतर पिळलं, चिरगुटात बांधलेली भाकरी काढली आणि अर्धी मला दिली.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. कुटं गेलतास, असं भावानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यानं वहिनीला पान वाढायला सांगितलं. पुढच्या स्थळाला मी ‘बघू’ म्हटलं नाही आणि त्या वर्षअखेरीस माझं लग्न झालं. मंगळवेढ्याची मुलगी. निघून जायची हुरहूर लग्नानं मिटली नाही. पुढं गिरण्या बदलल्या, घरं बदलली, तरी ती कमी झाली नाही. पाण्यात असताना तेवढी ती तासभर गप्प बसे.

हातमागाचे दिवस वाईट आले तसा अण्णा घरदार घेऊन भिवंडीकडे निघाला. तिथं त्याचा मेहुणा यंत्रमागाच्या कारखान्यात होता. मी स्टेशनवर गेलो. ट्रंका चढवून झाल्यावर खिडकीतून त्यानं मला विचारलं, भिवंडीला तळं आहे का?

मला ठाऊक नव्हतं. आहे, असं मी म्हणालो.

“मोठं हाय?”

“व्हय,” मी म्हणालो, “लई मोठं हाय.”